टॉवेलचे अठ्ठ्याऐंशी ठोके

गालिच्यांच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये रविवारी सकाळी अकरा वाजता पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर संगणकाने रंगवलेला डोंगर आणि डोंगराच्या वळणदार रस्त्यावरून वर चढणारे नऊ चितारलेले सायकलस्वार. त्यांना चढवणारी नऊ खरी माणसं पडद्यासमोर जागच्या जागी सायकली मारत होती. मागचं चाक काढून सायकल यंत्रावर बसवलेली; पॅडलवर जेवढा जोर, तेवढा पडद्यावरचा पुतळा पुढे. लोक आपापल्या घरी बसूनही अशा शर्यती खेळतात. त्यात वावगं काही नाही, व्यायाम चांगला होतो.

वावगं होतं ते पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात. तिथे नऊ ओळी होत्या. प्रत्येक ओळीत एका स्वाराचं टोपणनाव, पुढे लाल बदाम, आणि बदामापुढे त्याच्या हृदयाचे मिनिटाला पडणारे ठोके. अठ्ठ्याऐंशी. त्याखाली अठ्ठ्याऐंशी. त्याखालीही अठ्ठ्याऐंशी. वरपासून खालपर्यंत नऊच्या नऊ ओळींत तोच आकडा.

"नऊ देह आणि एक हृदय," माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली. तिच्या पलीकडचा गृहस्थ हात जोडून उभा होता, पडद्याकडे तोंड करून. कोणी फोनवर चित्रण करत होतं, कोणी नुसतंच मान हलवत होतं. मी मात्र त्या नऊ ओळी पुन्हा पुन्हा वाचत होते.

मी इस्पितळात ईसीजी काढते. एकोणीस वर्षं तेच करते आहे. माणसाला सरकत्या पट्ट्यावर पळवून त्याच्या हृदयाची चाचणी घेतात, त्या खोलीतही माझीच ड्युटी असते. जुळ्या भावांचे ईसीजी मी एकापाठोपाठ काढलेत. त्यांचीही हृदयं एका ठेक्यात चालत नाहीत. इथे तर एक पोट सुटलेला बँकवाला, एक काटकुळी भूमितीची बाई, एक पहिलवान, आणि सगळ्यांचं अठ्ठ्याऐंशी. अंगातले सदरे पिळून काढण्यासारखे भिजलेले, तोंडं उघडी, मानेच्या शिरा फुगलेल्या. माझ्या खोलीत अशी अवस्था झालेल्या माणसाचे ठोके एकशे साठच्या खाली मी पाहिलेले नाहीत.

आणि त्या नऊ जणांत डावीकडून तिसरा माझा सख्खा थोरला भाऊ होता. पडद्यावर त्याचं नाव 'काटेवाला'. दादा वजनकाटे दुरुस्त करतो.

मधल्या सायकलवर तो होता, ज्याला ही मंडळी कोच म्हणतात. मी त्याला बुवा म्हणते, कारण तो बुवाच आहे. भगवे कपडे नाहीत, दाढी नाही, घट्ट चड्डी आणि कानाला माईक, एवढाच काय तो फरक. सायकल मारता मारता तो माईकवर बोलत होता आणि त्याला धापसुद्धा लागत नव्हती. पुढे मी नीट पाहिलं तेव्हा कळलं की दर दोन वाक्यांनंतर तो पॅडलवरचा जोर काढून घेत असे. भक्तांना तेवढं दिसत नव्हतं.

"मित्रांनो, डॉक्टर तुमचं हृदय मोजतात. मी त्याला समजावतो. हृदय म्हणजे पंप नाही. ते घाबरलेलं पाखरू आहे. त्याला ठेका द्या. डुला. देह डुलला की पाखरू शांत."

भोंग्यातून ढोलाचा ठेका येत होता, धम्म, धम्म, धम्म. त्या ठेक्यावर पॅडलचा एकेक फेरा पूर्ण करायचा हा नियम. प्रत्येक सायकलखाली डुलती फळी होती, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला माणूस सायकलसकट एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे झुकायचा. आणि सगळ्यांच्या डाव्या दंडावर काळी तलम बाही, बाहीवर ठोके मोजणारा पट्टा. बाहीला बुवाने नाव दिलं होतं, मौनबाही. "त्वचा खोटं बोलते," तो सांगायचा, "म्हणून पट्टा उघड्या त्वचेवर कधीच बांधायचा नाही." शर्यतीआधी प्रत्येकाच्या दंडावर बाही चढवून पट्टा तो स्वतःच्या हाताने बांधत असे आणि बांधताना डोळे मिटत असे.

शर्यत संपत आली तसा ढोल संथ झाला. पाहता पाहता नऊही आकडे उतरले. ऐंशी, सत्तर, साठ. दहा सेकंदांत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोंगर चढून आलेलं हृदय दहा सेकंदांत साठावर येत नाही, ते यायला मिनिटं लागतात. मी गर्दीतून वाट काढत दादाजवळ गेले आणि त्याचं मनगट धरलं. घड्याळ लावून पंधरा सेकंद मोजले. बेचाळीस ठोके. म्हणजे मिनिटाला एकशे अडुसष्ट, आणि तेही सरळ नाहीत, मधूनच अडखळणारे.

"दादा, खाली उतर. तुझे ठोके एकशे अडुसष्ट आहेत."

"साठ आहेत," तो धापा टाकत म्हणाला. "वर बघ."

"वर काय बघू? हात माझ्या हातात आहे तुझा."

"छोटे, तुझी बोटं चुकतात. पडदा नाही चुकत."

एकोणीस वर्षांत माझ्या बोटांचा एवढा अपमान कोणी केला नव्हता.

आता हे सांगायला हवं की दादाचं हृदय दोन वर्षांपूर्वी एकदा भरकटलं होतं. बेताल धावायला लागलं, थांबेचना. तीन दिवस इस्पितळात काढले. तेव्हापासून त्याला ठोके ताब्यात ठेवणारी गोळी आहे, सकाळ-संध्याकाळ, आणि डॉक्टरांनी बजावलंय की व्यायाम करा पण ठोके एकशे तीसच्या वर जाऊ देऊ नका. दादा हे इमानेइतबारे पाळायचा. बुवा भेटेपर्यंत.

त्या दुपारी वहिनीने मला फोन केला. "तू घरी ये. ह्यांनी गोळ्या बंद केल्यात. आज चौथा दिवस."

मी गेले. दादा सोफ्यावर पाय वर करून बसला होता, चेहरा पांढरट, पण खूश. "अठ्ठ्याऐंशीच्या वर जातच नाही तर गोळी कशाला?" तो म्हणाला. "कोच म्हणतात, गोळी ही हृदयाला घातलेली बेडी आहे. पुढच्या रविवारी गोळीमुक्तीचा चढ आहे. एक तास. मी केला की माझ्या हातून नव्या लोकांना पट्टे बांधवून घेणार आहेत."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"डॉक्टर काय सांगणार? त्यांचं दुकान गोळीवर चालतं."

हे वाक्यही बुवाचंच. माझ्या भावाच्या तोंडातून त्या माणसाचा आवाज येत होता. तळपायाची आग मस्तकात गेली, पण दादावर ओरडून उपयोग नव्हता. ओरडलं की तो डोळे मिटून डुलायला लागायचा.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीकडे दादाच्या दुकानात गेले. दादा बाहेर कुठला तरी मोठा काटा बघायला गेला होता. वहिनी दुकान सांभाळते आणि दादाइतकेच काटे तिलाही कळतात. तिने दादाच्या पिशवीतून पट्टा आणि बाही आणली होती.

"मला तुझं ते ईसीजी कळत नाही," ती म्हणाली. "पण यंत्र कसं तपासायचं ते कळतं. गिऱ्हाईक काटा घेऊन आलं की हे पहिलं काय म्हणतात?"

"काय?"

"रिकामं पारडं काय दाखवतंय ते आधी बघू. रिकाम्या पारड्यावर वजन दाखवलं तर काट्यात खोट आहे. हा पट्टा कोणी रिकामा तपासलाय?"

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. दिवसभर वजनं तपासणाऱ्या माझ्या भावाला तर नाहीच नाही.

वहिनीने हात पुसायचा टॉवेल घेतला, घट्ट गुंडाळून दंडाएवढी वळकटी केली, तीवर मौनबाही चढवली, वर पट्टा बांधला. माझ्या फोनवर पट्ट्याचा आकडा दिसत होता, म्हणजे नुसत्या रेघा. टॉवेल गल्ल्यावर पडून होता, त्याला ठोके नव्हते. मग वहिनीने दादाच्या फोनमधला तो ढोल लावला आणि टॉवेल हातात धरून ठेक्यावर डुलवायला लागली. डावीकडे, उजवीकडे. दहा-बारा सेकंद गेले.

अठ्ठ्याऐंशी.

तिने हात संथ केला. आकडा घसरत साठ-बासष्टवर आला. तिने हात भराभर हलवला, एकशे दहा. ठेवून दिला, पुन्हा रेघा. वहिनी हसली नाही. "ह्या फडक्याच्या भरवशावर माझा नवरा गोळ्या सोडून बसलाय," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

संध्याकाळी आम्ही दादाला हे दाखवलं. त्याने शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "पट्ट्यात माझी लय साठली आहे. कोच म्हणालेच होते, पट्टा माणूस लक्षात ठेवतो." मी कपाळावर हात मारून घेतला. वहिनी म्हणाली, "राहू दे. आपलं नाही पटणार. ह्यांना त्याच्याच तोंडून ऐकवायला हवं."

पुढच्या रविवारी हॉल आणखी भरला होता. दादाचा गोळीशिवायचा अकरावा दिवस. सदस्याला एक पाहुणा आणता येतो, त्याच्यासाठी दहावी सायकल असते. ती वहिनीने मागून घेतली. बुवा आनंदाने हो म्हणाला. नवरा-बायको दोघेही आले की त्याची जाहिरात होणारच होती. तिला कोरा पट्टा मिळाला, कोणाचीही लय न साठलेला. बुवाने डोळे मिटून तो तिच्या दंडावर बांधला. तो माईक लावायला वळला तशी वहिनीने बाहीसकट पट्टा काढला, टॉवेलच्या वळकटीवर चढवला, वळकटी हँडलला बांधली आणि वरून दुसरा टॉवेल टाकला. सगळेच हँडलवर टॉवेल टाकतात, कोणाचं लक्ष गेलं नाही.

तिच्या सायकलच्या छोट्या संगणकावर पट्टा जोडायचं काम मी केलं. जवळपासचे सगळे पट्टे यादीत दिसतात, त्यातला आपला निवडायचा. एक ते दहा असे बुवाचे पट्टे होते. त्यांच्याखाली अकरावं नाव होतं, वेगळ्या जातीचं. ते मी ओळखते. छातीला, कातडीला लावून बांधायचा पट्टा. तो दंडावरच्या पट्ट्यांसारखा उजेडाने नाही, हृदयाच्या विजेवर मोजतो, माझ्या ईसीजीसारखा. नीट ओला करून बांधला तर या खेळातलं सगळ्यांत भरवशाचं साधन. इथे असला पट्टा कोणाकडे असेल? मी हॉलभर नजर फिरवली. मग अंग गरम करायला सायकल मारत माईकवर बोलणाऱ्या बुवाच्या मनगटाकडे पाहिलं. मनगटावर घाम टिपायचा जाड कापडी पट्टा होता, आणि दोन वाक्यांनंतर जोर काढून घेताना तो दरवेळी त्याखाली बोट घालून काहीतरी बघत होता.

मला शिसारी आली. आधी संशय होता तोवर राग होता. आता किळस वाटली.

ढोल सुरू झाला. दादा डुलायला लागला. मी त्याच्या शेजारी उभी होते आणि मनाशी ठरवलं होतं की दहा मिनिटांच्या पुढे वाट बघायची नाही. पडद्यावर दहा ओळी, दहाव्या ओळीत 'पाहुणी'. दोन मिनिटांत सगळ्यांचं अठ्ठ्याऐंशी झालं. पाहुणीचंही.

"पहिल्याच दिवशी," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

बुवाने संधी सोडली नाही. "बघा, मित्रांनो. वर्षानुवर्षं लोक धडपडतात आणि या ताई पहिल्या दिवशी पोचल्या. का? कारण इथे अहंकार नाही. विचार नाही. इतकं निर्मळ हृदय मी फार कमी वेळा पाहिलंय."

वहिनी पॅडल मारता मारताच म्हणाली, "खरंच निर्मळ आहे, कोच?"

"ताई, मी हृदयं वाचतो."

तिने वरचा टॉवेल ओढून काढला. खाली हँडलला बांधलेली वळकटी, तिच्यावर काळी बाही, बाहीवर पट्टा, पट्ट्याचा हिरवा दिवा लुकलुकतोय. वहिनीने दोन्ही दंड उघडे करून वर धरले आणि पाय तसेच चालू ठेवले. पडद्यावर पाहुणी अठ्ठ्याऐंशी.

"हा माझा टॉवेल," ती म्हणाली. "काल धुतला, म्हणून निर्मळ असेल."

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. भूमितीच्या बाईने पॅडल थांबवलं. बुवाची जीभ मात्र लवकर सावरली. "टॉवेल तुमच्या संपर्कात होता, ताई. तुमचीच लय..."

तेवढ्यात मी वहिनीच्या सायकलपाशी जाऊन तिच्या संगणकावर पाहुणीच्या ओळीला अकरावा पट्टा जोडला. लाल बदाम एकदा विझला, पुन्हा पेटला. एकशे एकाहत्तर.

"हे काय आता?" पहिलवान म्हणाला.

"कोणाचं तरी हृदय आहे," मी म्हणाले. "या हॉलमध्ये एका माणसाने उघड्या छातीवर खरा पट्टा बांधलाय. कोणी बांधलाय?"

बुवा सायकलवरून उतरला आणि माझ्या दिशेने आला. "संगणकाला हात लावायचा नाही," तो म्हणाला. चालताना आकडा एकशे पासष्टवर आला, एकशे साठवर. तो ओरडायला लागला तसा पुन्हा चढला. "ही बाई गोळीवाल्यांची माणूस आहे," एकशे अडुसष्ट. "यांना तुमची मुक्ती बघवत नाही," एकशे बहात्तर. तो बोलत होता आणि त्याच्या मागे पडद्यावर त्याचं काळीज त्याची चहाडी करत होतं. आता सगळा हॉल पडद्याकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघत होता. त्याने वळून पाहिलं, आकडा वाचला आणि तरातरा जिन्याकडे गेला. दार आपटलं. दोन जिने उतरल्यावर आकड्याच्या जागी रेघा आल्या.

किल्ली वरच राहिली म्हणून तो परत आला, तेव्हा रेघा जाऊन एकशे एकोणऐंशी उमटलं. तो दारात दिसण्याआधी आकडा दिसला. या वेळी हॉलभर हसू पसरलं, मला मात्र हसायला येईना.

कारण नीट विचार करा. या माणसाला सगळं ठाऊक होतं. पट्ट्यातला दिवा कातडीवर उजेड टाकतो, प्रत्येक ठोक्याला रक्त भरतं तसा परतणारा उजेड कमी-जास्त होतो, आणि यंत्र ते मोजतं. मध्ये कापड घातलं की रक्त दिसेनासं होतं. मग बिचारं यंत्र जे काही ठेक्यात हलताना सापडेल तेच ठोके म्हणून मोजत बसतं. म्हणून बाही, म्हणून डुलणं, म्हणून ढोल. आणि स्वतःच्या जिवाची वेळ आली तेव्हा त्याने छातीला खरा पट्टा बांधला, मनगटावर खरं घड्याळ लपवलं, आणि आपले ठोके वाढले की गुपचूप जोर काढून घेतला. दादाला मात्र सांगितलं की गोळी ही बेडी आहे.

दादा केव्हाच थांबला होता. हँडलवर वाकून बसला होता. मी त्याचं मनगट धरलं आणि मोजायचं सोडून दिलं, कारण ठोक्यांना हिशेबच नव्हता. आम्ही दोघींनी त्याला धरून खाली आणलं आणि टॅक्सीने थेट इस्पितळात नेलं.

त्याचा ईसीजी मीच काढला. हृदय पुन्हा भरकटलं होतं, पण वेळेत पोचलो होतो. गोळी सुरू झाली, सलाईन लागलं, संध्याकाळपर्यंत रेघ हळूहळू सरळ वाटेला आली. डॉक्टर म्हणाले, तासभर चढला असता तर मला काही सांगता आलं नसतं. वहिनी बाकावर बसून दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरून होती.

छातीवरच्या तारा काढताना दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला कळत होतं गं."

"काय कळत होतं?"

"धडधड. पहिल्या दिवसापासून. गळ्यापर्यंत यायची. डोळ्यांपुढे काळं व्हायचं."

"मग बोलला का नाहीस?"

"वर बघितलं की सगळ्यांचं अठ्ठ्याऐंशी. वाटायचं, सगळ्यांना जमतंय, माझ्यातच काहीतरी खोट आहे. सांगितलं तर हसतील. म्हणून आणखी जोरात डुलायचो."

आठवड्याभरात भूमितीची बाई भेटायला आली, मग पहिलवान आला, मग तो बँकवाला. तिघांनीही, वेगवेगळ्या वेळी, दादाच्या पलंगाशी बसून हेच सांगितलं. मलापण धडधडायचं. मला वाटलं, फक्त मलाच. नऊ माणसं एका खोलीत, एकमेकांपासून हातभर अंतरावर, आठ जणांची काळजं फुटायला आलेली, आणि एकानेही शेजारच्याला विचारलं नाही की तुला काय होतंय.

यंत्रं वाईट नसतात. पट्टा कातडीवर नीट बांधा, अधूनमधून स्वतः बोटांनी मोजून ताडून बघा, आणि यंत्र आणि छाती दोघं वेगळं सांगायला लागली की छातीचं ऐका आणि डॉक्टरकडे जा. कोणी सांगितलं की तुझं अंग खोटं बोलतं आणि माझा आकडा खरा, तर त्याला तोच आकडा रिकाम्या वस्तूवर दाखवायला सांगा. आणि एवढं जमलं नाही, तर निदान शेजारच्याला विचारा: तुझंपण धडधडतंय का? त्या हॉलमध्ये हा एक प्रश्न पहिल्या दिवशी कोणी विचारला असता, तर माझ्या भावाचे अकरा दिवस वाचले असते.